तिथं आहे काय बघायला?

नकाशात एजियन समुद्र उघडला की आधी डोळ्यांत भरतात ती अक्षरं. बेटं एवढी बारकी की त्यांची नावं त्यांच्या अंगावर मावत नाहीत. मग ती शेजारच्या निळ्या रंगात छापलेली असतात, एकमेकांना चुकवत, कधी तिरकी, कधी किनाऱ्याच्या कडेकडेनं वाकून. अस्टिपालिया हे नाव छापायला जेवढी जागा गेलीय तेवढ्यात ते बेट दोन-चारदा सहज बसलं असतं. अक्कांच्या जुन्या शालेय अ‍ॅटलसमधलं हे पान अगदी कोरं राहिलं होतं. महाराष्ट्राचं पान बोटं फिरून फिरून मळलेलं, आफ्रिकेचं शिवणीतून सुटलेलं, आणि हे मात्र दुकानातून आल्यासारखं. अक्का भूगोल शिकवायच्या. ग्रीस शाळेत येतो तो इतिहासात, आणि इतिहास दुसऱ्या बाईंकडे होता.

अक्का म्हणजे माझ्या नणंद, ह्यांच्या थोरल्या बहीण. लग्न केलं नाही. शाळेतून निवृत्त झाल्या आणि आमच्याच घराच्या माडीवर राहतात. एका दुपारी अ‍ॅटलस घेऊन खाली आल्या, जेवणाच्या टेबलावरची लोणच्याची बरणी बाजूला सारून ते पान पसरलं आणि म्हणाल्या, “वैनी, ह्यातलं एक बेट निवड. आपण दोघी जाऊ.”

जुलै महिना होता. बाहेर धो धो पाऊस, गॅलरीत तिसऱ्या दिवशीही न वाळलेले कपडे, टीव्हीवर खालच्या पट्टीत पंचगंगेची पातळी. जुलैत कोल्हापुरातली निम्मी बोलणी राजाराम बंधाऱ्यावरच्या फुटांनी सुरू होतात. 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका, आणि त्यामधल्या चार फुटांत सगळं शहर जीव मुठीत धरून पण चवीनं बोलत असतं. अशा दिवसांत कुणी समुद्रातल्या बेटाचं नाव काढलं तर घरातली माणसं काय म्हणणार? ह्यांनी पेपरमधून मान वर केली आणि विचारलं, “तिथं आहे काय बघायला?”

या प्रश्नाला आम्हा दोघींकडे उत्तर नव्हतं. पुढे ते मिळावं असंही फारसं वाटेना.

आजवर आम्ही गेलो नाही असं नाही, पण जाण्याला कायम काहीतरी कारण असायचं. नरसोबाची वाडी पौर्णिमेसाठी, जोतिबा माघातल्या खेट्यांसाठी, पंढरपूर सासूबाईंचं राहिलेलं म्हणून, तिरुपती कुणाचा तरी नवस फेडायला. मुंबई दवाखान्यासाठी. बेळगाव, सांगली, सोलापूर लग्नांसाठी. तीही अशी की गावाचं नाव घेतलं तर मला आठवतो तो मंगल कार्यालयाचा जिना. अमेरिकेला जाऊन आलेल्या कितीतरी बायका माझ्या ओळखीत आहेत, ज्या लेकीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणाला गेल्या आणि सहा महिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून अमेरिका बघून परत आल्या. त्यांना कुणी विचारलं नाही की तिथं आहे काय बघायला. आणि यात्रा कंपन्यांबरोबर युरोप करून येणारी माणसं असतात त्यांनाही कारण असतंच. किती देश झाले याची मोजणी हे कारणच आहे, आणि ते सांगता येतं. आम्हाला मात्र कुणाकडे जायचं नव्हतं, काही फेडायचं नव्हतं, मोजायचंही नव्हतं. एका बेटावर जाऊन राहायचं होतं. हे वाक्य मी आरशासमोर उभं राहून म्हणून बघितलं तरी ते अर्धवटच वाटायचं.

बेट निवडणं हे काम सोपं असेल असं वाटलं होतं. ग्रीसच्या समुद्रात लहानमोठी मिळून सहा हजारांच्या आसपास बेटं आणि खडक आहेत, आणि माणसं राहतात अशी 227. अक्कांनी एका वहीत रकाने पाडले. पश्चिमेकडच्या आयोनियन समुद्रातली बेटं वेगळी, हिरवी, पावसाची. तुर्कस्तानाच्या किनाऱ्याला चिकटलेली ऱ्होड्स, कोस, सिमी वेगळी. अथेन्सच्या जवळची हायड्रासारखी वेगळी. हायड्रावर मोटारी नाहीत, सामान खेचरांवरून जातं, हे कळल्यावर आठवडाभर आम्ही मनानं हायड्रावर राहिलो. मग अक्कांचा गुडघा दुखायला लागला आणि तिथल्या पायऱ्यांचे फोटो बघून हायड्रा मागं पडलं. सरतेशेवटी बोट येऊन थांबलं ते मधल्या घोळक्यावर, सिक्लेडीजवर. देलोस नावाच्या एका पवित्र बेटाभोवती कडं करून बसलेली बेटं. देलोसवर आज कुणी राहत नाही. इसवी सनापूर्वी 426 मध्ये अथेन्सवाल्यांनी तिथल्या थडग्यांतली हाडंसुद्धा उकरून दुसऱ्या बेटावर नेली आणि ठरवून टाकलं की यापुढे देलोसवर कुणी जन्मायचं नाही आणि कुणी मरायचं नाही. बाळंतीण आणि आजारी माणूस, दोघांनाही होडीत घालून पलीकडे न्यायचं. सोयर आणि सुतक दोन्ही एकदम हद्दपार. अक्का म्हणाल्या, “इतकं सोवळं आपल्या आजीलासुद्धा जमलं नव्हतं.”

शेजारच्या काकूंना आमचा बेत पसंत नव्हता, तो टिनोसमुळे एकदम पसंत पडला. टिनोस हे त्याच घोळक्यातलं एक बेट. तिथल्या एका जोगिणीला स्वप्नात मेरीमातेनं दर्शन दिलं, अमुक शेतात माझी प्रतिमा पुरलेली आहे म्हणाली, लोकांनी खणलं आणि 1823 साली ती प्रतिमा सापडली. पंधरा ऑगस्टला मातेचा मोठा सण असतो. बोटीतून उतरलेली माणसं बंदरापासून टेकडीवरच्या देवळापर्यंतचा चढ गुडघ्यांवर रांगत जातात, आणि त्यांचे गुडघे सोलवटू नयेत म्हणून रस्त्याच्या कडेला गालिच्याची पट्टी घातलेली असते. मी हे सांगत होते तेव्हा काकूंचे हात आपोआप जोडले गेले. स्वप्नात येऊन जागा सांगणारा देव, नवस, लोटांगण, यातलं त्यांना काहीच परकं नव्हतं. “असं देवाचं आहे होय? मग जाऊन या की,” म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी गल्लीत परस्पर सांगून टाकलं की या दोघी तिकडच्या एका देवीला निघाल्यात. मी खोडून काढलं नाही. पण आम्ही टिनोसला जाणार नव्हतो, आणि नेमकं त्याच कारणानं: तिथं जायला कारण होतं.

खरा वाद झाला तो सँटोरिनीवरून. पांढरी घरं, निळे घुमट, कड्याच्या टोकावर सूर्यास्त. ग्रीसचं नाव काढलं की जगाला जे एकच चित्र दिसतं ते सँटोरिनीचं. मला ते नको होतं. पंधराएक हजार वस्तीचं बेट, आणि क्रूझच्या जहाजांतून दिवसाला आठ हजारांहून जास्त माणसं उतरू नयेत अशी मर्यादा घालायची पाळी आलेली. अशा ठिकाणी आपण जाऊन गर्दीत आणखी दोन डोकी कशाला वाढवायची? अक्कांना मात्र सँटोरिनीच हवं होतं, आणि सूर्यास्ताशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. “कॅल्डेरा,” त्या म्हणाल्या. ज्वालामुखी फुटून आतलं पोट रिकामं झालं की डोंगर आत कोसळतो आणि प्रचंड खड्डा उरतो, हे त्यांनी उभा जन्म फळ्यावर खडूनं काढून शिकवलं होतं. आणि सँटोरिनी म्हणजे तोच खड्डा, समुद्रानं भरलेला, ज्याच्या काठावर माणसांनी घरं बांधलीत. “लोक सूर्याकडे तोंड करून बसतात. मी खाली बघत बसेन.”

हा स्फोट इसवी सनापूर्वी 1600 च्या आसपासचा. त्याच्या राखेखाली अक्रोतिरी नावाचं अख्खं गाव गाडलं गेलं. 1967 पासून तिथं उत्खनन सुरू झालं, तेव्हा दोन-तीन मजली घरं निघाली, गटारं निघाली, भिंतींवरची चित्रं निघाली. मासे घेऊन उभा असलेला एक पोरगा, माकडं, बोटींची मिरवणूक. निघाली नाहीत ती माणसं. सांगाडे नाहीत, दागदागिनेही जवळपास नाहीत. एक सोन्याचा छोटा रानबोकड तेवढा पेटीत राहून गेलेला. म्हणजे आधी जमीन हलली असणार आणि लोकांनी किडूकमिडूक घेऊन बोटी गाठल्या असणार. 2025 च्या फेब्रुवारीत त्याच बेटाला सतत धक्के बसायला लागले तेव्हाही हजारो माणसं बोटींनी आणि विमानांनी निघून गेली. अक्कांना हे फार महत्त्वाचं वाटलं. पुरात घर सोडा म्हणून सांगायला आलेल्या होडीवाल्यांशी वाद घालणारी माणसं त्यांनी आमच्या गावात बघितली आहेत. “साडेतीन हजार वर्षांपूर्वीची माणसं वेळेत उठली बघ,” त्या म्हणाल्या, आणि ह्यांच्याकडे एक कटाक्ष टाकला. 2019 च्या पुरात माळ्यावरच्या फायली सोडून हलायला ह्यांनी किती वेळ लावला होता, ते आमच्या घरात अजून निघतं.

माझं मन बसलं होतं नाक्सोसवर. त्याची जाहिरात कमी आहे. तिथं बटाटे होतात, आणि ते बटाटे सगळ्या ग्रीसमध्ये नावाजलेले आहेत. गाईंचं दूध होतं, त्याचं ग्रावियेरा नावाचं चीज होतं. संगमरवराच्या खाणी आहेत, आत डोंगरात गावं आहेत. थोडक्यात, पाहुणे आले नाहीत तरी ज्याचं अगदीच अडणार नाही असं बेट. अशा ठिकाणी आपण गेलो तर कुणी आपल्यासाठी थांबलेलं नसतं, आणि त्यात एक मोकळेपणा आहे.

पण मला त्याची ओढ लागली ती दुसऱ्याच एका गोष्टीनं. नाक्सोसच्या बंदराला लागून एक खडकाळ टेकाड आहे आणि त्यावर एक दरवाजा उभा आहे. नुसता दरवाजा. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात लिग्दामिस नावाच्या सत्ताधाऱ्यानं अपोलोचं भव्य देऊळ बांधायला घेतलं आणि ते पुरं झालं नाही. आज भिंती नाहीत, छत नाही, देव नाही. संगमरवराची अवाढव्य चौकट तेवढी आहे आणि तिच्यातून इकडून बघितलं तर समुद्र दिसतो, तिकडून बघितलं तर गाव. बेटाच्या उत्तर टोकाला, अपोलोनास गावाजवळच्या खाणीत, दहा मीटरहून लांब एक पुतळा पाठीवर पडून आहे. दाढीचा आकार आलाय, पाय आलेत, बोटं यायची राहिलीत. दगडाला तडे गेले म्हणून कारागिरांनी सोडला असावा, असं मानतात. अडीच हजार वर्षं तो तसाच पडलाय. कुणी पुरा केला नाही आणि कुणी फोडून दुसऱ्या कामालाही घेतला नाही. त्याचा फोटो मी मोठा करून बघितला. खांद्याजवळ छिन्नीचे घाव अजून दिसतात, आडवे, एकामागून एक, जेवायच्या सुट्टीपर्यंत कुणीतरी घातलेले.

आपल्याकडे अशा कामांना एक ठरलेली गोष्ट असते: पांडव एका रात्रीत देऊळ बांधत होते, तेवढ्यात कोंबडा आरवला. म्हणजे दोष कोंबड्याचा. नाक्सोसच्या लोकांनी असलं काही कारण शोधून चिकटवलेलं मला कुठं सापडलं नाही. अर्धवट राहिलेल्या दोन गोष्टी त्यांनी तशाच ठेवल्या आणि लोक त्या बघायला येतात. मी बँकेत आयुष्य काढलं, जिथं संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय घरी जाता येत नाही. त्या पडलेल्या पुतळ्याकडे बघून मला जे वाटलं त्याला मी अजून नाव दिलेलं नाही.

वाद मिटवला बोटीनं. पिरेयस बंदरातून सुटणारी मोठी बोट आधी पारोसला थांबते, मग नाक्सोसला, आणि तीच पुढे सँटोरिनीला जाते. म्हणजे आधी माझं, मग अक्कांचं. तिथं किती रात्री आणि इथं किती, यावर मात्र अजून घासाघीस चालू आहे.

मग प्रश्न आला महिन्याचा. मला वाटत होतं की आपल्या पावसाळ्यात निघावं. इथं चिखल, तिथं ऊन. अक्का म्हणाल्या, जुलै-ऑगस्ट नको, मेल्टेमी असतो. मेल्टेमी म्हणजे एजियनवर उन्हाळ्यात उत्तरेकडून सुटणारा वारा. आभाळात ढगाचा ठिपका नसतो, ऊन लखलखत असतं आणि हा वारा दिवसेंदिवस घोंगावत राहतो. टेबलांवरचे कपडे चिमट्यांनी अडकवून ठेवतात. वाऱ्याचा जोर बोफर्टच्या आकड्यांत सांगतात. आकडा आठच्या पुढे चालला की बंदरातले अधिकारी बोटी सोडत नाहीत आणि माणसं असतील त्या बेटावर अडकून पडतात. अक्कांना हे ऐकून बरं वाटलं. “म्हणजे त्यांचाही राजाराम बंधारा आहे.”

पण पुढे त्यांनी जे सांगितलं ते माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. हा वारा आणि आपला पाऊस यांचं नातं आहे. उन्हाळ्यात सिंध-राजस्थानापासून इराणवरून थेट तुर्कस्तानापर्यंत कमी दाबाचा एक लांबलचक पट्टा पसरतो. त्याचं आपल्याकडचं टोक अरबी समुद्रावरचं वारं ओढून घेतं आणि तो मोसमी पाऊस होतो. पलीकडचं टोक तुर्कस्तानावर असतं. तिकडे बाल्कन देशांवर दाब जास्त, आणि या दोहोंच्या मधल्या एजियनवरून वारं खाली दक्षिणेकडे धावतं. एवढंच नाही. आपल्याकडे पावसाबरोबर हवेची जी प्रचंड उलथापालथ होते, तिच्यामुळे भूमध्य समुद्राच्या पूर्व भागावर हवा वरून खाली उतरते, उतरता उतरता तापते, कोरडी होते आणि ढग धरू देत नाही. अक्कांनी हे सगळं लोणच्याची बरणी, मिठाची वाटी आणि चमचा मांडून समजावलं. बरणी म्हणजे सह्याद्री होता.

मी गॅलरीत गेले. दोरीवर ह्यांचा टॉवेल ओलाच होता. त्या पोस्टकार्डांतलं स्वच्छ निळं आभाळ, ज्याच्यासाठी जग पैसे मोजतं, त्यात थोडा वाटा आमच्या या न वाळणाऱ्या टॉवेलाचा आहे, हे मला त्या क्षणी पटलं. इथं पडतो म्हणून तिथं पडत नाही. आजवर मी दूरचा देश म्हणजे वेगळ्या हवेचा देश समजत होते.

आणि वाऱ्यानं येणं-जाणं हे काही आजचं नाही. कोल्हापुरात टाउन हॉलच्या म्युझियममध्ये काशाचा एक छोटा पुतळा आहे, पोसायडनचा. ग्रीकांचा समुद्रदेव. चाळीसच्या दशकात पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकडीत तो सापडला, सातवाहनांच्या काळातल्या इतर काशाच्या वस्तूंबरोबर. मूर्ती ग्रीक वळणाची, रोमन काळात घडवलेली. त्या काळी तांबड्या समुद्रातून निघालेली गलबतं मोसमी वाऱ्यावर आपल्या किनाऱ्याला लागत. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-पुस्तकात कल्याण, चौल, पैठण, तेर ही सगळी नावं आहेत, आणि कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर दान देणाऱ्या यवनांचे लेख आहेत. तेव्हा हा देवही बहुधा त्याच वाऱ्यानं आला, घाट चढला आणि समुद्रापासून इतक्या लांब नदीकाठच्या एका घरात राहिला. शाळेच्या सहलीत मी त्याला बघितलं होतं, पण सोबतच्या मुलींना आणि मला तलवारींमध्ये जास्त रस होता. या पावसात पुन्हा जाऊन आले. एक हात वर उचललेला आहे. हातातला त्रिशूळ गेलाय. त्याला कुणी विचारलं असेल का, करवीरात आहे काय बघायला?

जुलै-ऑगस्ट गेले. सप्टेंबरात गणपती. ऑक्टोबरात नवरात्र, अंबाबाईचं नवरात्र सोडून अक्का स्वर्गातही जायच्या नाहीत. उरला मधला पितृपंधरवडा. समुद्र तेव्हा उन्हाळाभर तापून उबदार असतो, मेल्टेमीचा जोर ओसरलेला असतो, गर्दी पांगलेली असते, खोल्या स्वस्त असतात. सगळं जुळत होतं, पंचांग सोडून. पंधरवड्यात कुणी प्रवासाला निघतं का? काकूंनी पुन्हा तोंड वाकडं केलं. अक्का म्हणाल्या, “दादांची तिथी पंचमीची. पान वाढू, कावळा शिवला की बॅगा उचलू.” दादा म्हणजे माझे सासरे. त्यांना समुद्राचं वेड होतं असं काही मी सांगणार नाही. त्यांना विट्याच्या पलीकडे कुठलंच गाव आवडत नव्हतं.

दरम्यान अक्कांना एक नाद लागला. समुद्रात कुठली बोट कुठं आहे ते फोनवर दिसतं, हे भाच्यानं त्यांना दाखवलं. पिरेयसहून सकाळी साडेसातच्या सुमारास सुटणारी बोट म्हणजे आपल्याकडे दहा. उन्हाळ्यात तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागं असतं. तर अक्का पूजा आटोपून फोन घेऊन खाली येतात. “सुटली गं.” मी भाजी चिरत असते. दीड-दोनला जेवताना, “पारोस आलं बघ.” तीन-सव्वातीनला चहाचं आधण ठेवलं की वरून हाक येते, “लागली नाक्सोसला!” गगनबावड्याची एसटी वेळेवर आल्याचं सांगावं तसं. एकदा बोट पिरेयसलाच थांबून राहिली, वाऱ्यामुळे बंदी होती. त्या दिवशी अक्कांचं जेवणात लक्ष नव्हतं. हे चिडले. “तुम्ही दोघी अजून गेला नाहीत, लक्षात आहे ना?”

बोट बंदराला लागते कशी, त्याचे व्हिडिओही आम्ही बघतो. एवढं धूड आपल्या अंगाभोवती गर्रकन वळतं, नांगर टाकतं आणि पाठीमागून धक्क्याला येतं. साखळ्यांचा खडखडाट होतो, मागचं फळकुट खाली येतं, ते दगडाला टेकायच्या आतच आतली माणसं बॅगा सरसावून उभी. ट्रक, मोटारसायकली, कुत्रं घेतलेली म्हातारी, पिशव्या, सगळं एकाच तोंडातून बाहेर आणि त्याच तोंडातून नवं सगळं आत. शिट्ट्या फुंकणारा एक माणूस दोन्ही हातांनी सगळ्यांवर खेकसत असतो. पाच-दहा मिनिटांत फळकुट वर उचललं जातं, आणि ते पुरतं मिटायच्या आधीच बोट हललेली असते. अक्का गुडघ्याला तेल लावत लावत हे परत परत बघतात. बॅगेला चाकं हवीत की खांद्यावरची बरी, याचा त्यांचा अभ्यास चालू आहे. बोटीच्या कपाळावरचं नाव त्या आता वाचतात. गणितातला पाय, थीटा, सिग्मा इतक्या वर्षांनी उपयोगी पडले म्हणून खूशही आहेत.

कागदपत्रांचं काम माझ्याकडे. ते मला जमतं. शेंगेन व्हिसाला 90 युरो फी, 30 हजार युरोंचा प्रवासविमा, 35 बाय 45 मिलिमीटरचा फोटो, बँकेचे उतारे, आयकराची विवरणं, पेन्शनचा कागद, राहण्याची आणि जाण्या-येण्याची आरक्षणं. आणि एक पत्र, आपण कोण, कशाला चाललोय आणि परत का येणार ते सांगणारं. प्रवासाचा हेतू या रकान्यात पर्यटन म्हणून खूण केली की काम संपतं, तो प्रश्न त्यांना पडत नाही. त्यांना पक्कं हवं असतं ते परत येणं. मी लिहायला बसले. घर स्वतःचं आहे, उतारा जोडला. पेन्शन इथं मिळते, जोडली. पती इथं आहेत. मग पेन थांबलं. खरं तर पुढची यादी मोठी होती: नवरात्राची घटस्थापना, काकूंची भिशी, दूधवाल्याचं खातं, गॅलरीतली तुळस, अक्कांचा गुडघ्याचा डॉक्टर, दिवाळीच्या भाजणीला कुणाच्या हाताची चव लागते तो प्रश्न. यातल्या कशालाच नोटरी करता येत नाही. तरी कागदावरची कारणं वाचून त्यांनी मला जाऊ द्यावं आणि खरी कारणं मला परत आणतीलच, असा हा व्यवहार आहे. विनाकारण जायचं तर परत यायची इतकी कारणं जमवावी लागतात, याची गंमत वाटत राहिली.

खाण्याचं म्हणाल तर कोल्हापूरच्या माणसाला शाकाहार-मांसाहाराचा घोर नसतो, तिखटाचा असतो. कांदा-लसूण मसाल्याची बरणी सीलबंद करून घेतलीय. तिथल्या उपासांची हकीकत मात्र ऐकण्यासारखी आहे. ऑर्थोडॉक्स उपासाला मांस, अंडी, दूध काही चालत नाही, पण माकूळ आणि ऑक्टोपस चालतो, कारण त्यांना रक्त नाही असं धरतात. साबुदाण्याला नाकं मुरडणाऱ्या ह्यांनी हे ऐकलं आणि म्हणाले, तो धर्म बरा आहे.

फाइल बघायला एक पोरगा आहे, अशी कामं करून देणारा. त्यानं सांगितलं, दिवसवार कार्यक्रम लागतो. मी तक्ता केला. अथेन्सला उतरणं. अ‍ॅक्रोपोलिस. पिरेयसहून बोट. नाक्सोसला दरवाजा आणि बंदर. दुसऱ्या दिवशी बसनं अपोलोनास, पडलेला पुतळा. त्याच्या पुढच्या दिवसासमोर मी नुसतं लिहिलं होतं: मुक्काम नाक्सोस. पोरगा म्हणाला, मावशी, इथं काहीतरी टाका, रिकामं बरं दिसत नाही. मी काही बोलायच्या आत त्यानं “स्थानिक स्थलदर्शन” असं टाइप करून प्रिंट काढलीसुद्धा.

घरी आल्यावर अक्कांनी आमच्या प्रतीवर ते पेननं खोडलं. तिथं काय लिहायचं यावर तेव्हापासून चर्चा आहे. मी म्हणते, बाजारात जाऊ, बटाटे आणि चीज घेऊ, खोलीवर भाजी करू, मसाला आहेच. अक्कांना त्या दिवशी धक्क्यावर जायचंय. पावणेएकची बोट येताना बघायची. आपलं कुणी त्यातून उतरणार नाही, आपल्याला चढायचं नाही, नुसतं बघायचं आणि परत यायचं. हे पेपरमागून म्हणाले, ती तर तुम्ही रोज इथं बसून बघताच की. मग थोडा वेळ गप्प राहून त्यांनी विचारलं, तिथं धक्क्यावर बसायला काही आहे का, की उन्हात उभं राहायचं? दुपारची पावणेएकची वेळ. ते आम्ही बघितलंच नव्हतं. अक्कांनी चष्मा चढवला आणि नाक्सोस बंदराचे फोटो उघडले. आता तिघंही त्यात सावली शोधतोय.